मालक दुपारी झोपलेला असतो

दाजी मालंडकरांच्या गडग्यावर एक पाटी होती. जांभ्या दगडाच्या बुटक्या कुंपणाला तिकडे गडगा म्हणतात. पाटी साध्या फळकुटाची, डांबराने लिहिलेली, अक्षरं बोटीवरच्या पेट्यांवर असतात तशी ठसठशीत. मजकूर दोनच ओळींचा. ‘या झाडाची फांदी तोडू नये. मालक दुपारी दोन ते चार झोपलेला असतो.’

पहिली ओळ मला वाचताक्षणी पटली. मी कस्टममधला कारकून. नको म्हटलेल्या गोष्टी लोकांनी करू नयेत, यावरच माझं पोट चालत होतं. दुसऱ्या ओळीचा मात्र काही केल्या उलगडा होईना. चोराला वेळापत्रक देणारा मालक मी नोकरीत तोवर पाहिला नव्हता.

तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. तिकडची घड्याळं आणि दारूच्या बाटल्या मचव्यांतून आमच्या किनाऱ्यावर उतरत, आणि त्या उतरू नयेत म्हणून माझ्यासारखी, पोहता न येणारी साताऱ्याकडची माणसं मालवण बंदरावर नेमली जात. बायको साताऱ्यालाच राहिली, आधी बाळंतपणासाठी आणि मग सासूबाईंच्या दम्यासाठी. मी बंदरापासून मैलभर आत आक्का परबांच्या घरात दोन खोल्या घेऊन राहिलो. आक्का विधवा, साठीच्या, बारा माडांच्या मालकीण आणि साऱ्या वाडीच्या बातमीदार. माझ्या खिडकीसमोर पाणंद, पाणंदीपलीकडे दाजींचा गडगा आणि गडग्याच्या आत, फाटकाला लागून, ते झाड.

झाड मोरपंखीचं. लहानपणी जिची पानं आपण विद्या येते म्हणून पुस्तकात ठेवायचो, तीच. पण दाजींची मोरपंखी पुरुषभर उंचीच्याही वर गेलेली, गच्च, खालपासून शेंड्यापर्यंत दिव्याच्या ज्योतीसारखी निमुळती. मे महिन्यात सगळा मुलूख करपून तांबडा झाला तरी ती आपली हिरवीगार उभी.

आता त्या मुलखात हिरवं असण्याचं कुणाला कौतुक? तिथे झाड म्हटलं की त्याने काहीतरी द्यायला हवं. माड नारळ देतो, पोफळ सुपारी देते, काजू देतो, फणस देतो. हापूसचं कलम तर जावयाच्या मानाने वाढवतात. ह्या मोरपंखीला फळ नाही, फूल नाही आणि लाकूड चुलीत घालायच्या लायकीचंही नाही. फाटकावरून जाणारा नवा माणूस दाजींना हटकून विचारी, ‘ह्येका काय धरता?’ म्हणजे, ह्याला फळ काय येतं. दाजींचं उत्तर ठरलेलं होतं.

“ती हिरवी रवता. आनी काय व्हया?”

दाजी झाडाला कधी ‘ते’ म्हणत नसत. ‘ती’.

स्वतः दाजी पासष्टीचे, सडपातळ, पाय फाकवून चालणारे, जणू पाणंदसुद्धा केव्हा हेलकावा खाईल सांगता येत नाही. तीस वर्षं बोटींवर सुकाणी होते. घरात दुसरं कुणी नाही. डोक्यावर निळी लोकरी टोपी, वैशाखातही. एकदा मी न राहवून म्हटलं की दाजी, घाम येत नाही का. ते म्हणाले, येतो, पण टोपी काढली तर डोक्याला सवय राहणार नाही. कशाची सवय, हे त्यांनी सांगितलं नाही. कुणी भेटलं की आधी वारा कुठला आहे ते सांगायचे आणि मग त्याला ओळख द्यायचे. “वारो मतलय आसा,” म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय. मग थोडं थांबून, “बरे आसात मां?”

पहिल्या महिन्यातच माझ्या हातून एक मोठी चूक झाली. बायकोने पत्रात लिहिलं होतं की परसात लावायला तिकडचं एखादं झाड आणा. मी नीट सदरा घालून दाजींकडे गेलो आणि सभ्य माणसासारखी मोरपंखीची एक फांदी मागितली. दाजींचा चेहरा असा पडला की मी त्यांच्याकडे उसने पैसे मागितले असते तरी इतका पडला नसता. ते माझ्याकडे बघत राहिले, म्हणाले, “मागून?” आणि घरात निघून गेले. चार दिवस त्यांनी मला वारा सांगितला नाही.

खुलासा आक्कांनी केला. त्या सुपारी कातरत होत्या, कातरता कातरता म्हणाल्या की कारकूनांनू, तुम्ही शिकलेले असून तुम्हाला एवढंही कळू नये. मागून घेतलेली फांदी धरत नाही. मालकाने प्रेमाने कापून दिलेली तर मुळीच नाही. चोरून नेलेलीच धरते. हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

“मगे ती पाटी?” मी त्यांच्याच भाषेत बोलायचा प्रयत्न केला.

“पाटी नाय लायली तर चोरी कशी होतली?” आक्का म्हणाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परवानगी असेल तर ती चोरी नव्हे. ‘चोरून न्या हो’ म्हटलं तर तीही परवानगीच. म्हणून दाजींनी आधी रीतसर मनाई केली होती आणि मग, मनाई मोडायची कुणाला इच्छा झालीच तर, सोयीची वेळ कळवली होती. रोज दुपारी दोन वाजता ते पडवीत आरामखुर्ची आणून टाकत. तोंड घराकडे, पाठ झाडाकडे. टोपी डोळ्यांवर. चार वाजता उठत, फाटकापाशी येऊन झाड एकदा वरपासून खालपर्यंत बघत आणि खुर्ची आत नेत. फांदी कुठली कमी झालेली नसायची. शाळेतली पोरं शेंडे खुडून नेत, पण ते पुस्तकात ठेवायला. वाडीतली मोठी माणसं तर इतकी सालस की पाटीवर ‘तोडू नये’ लिहिलंय म्हटल्यावर पलीकडच्या बाजूने जात. आणि फळ न धरणाऱ्या झाडासाठी कोण पाप करणार?

हे सगळं मला फार गमतीचं वाटलं. मी बायकोला चार पानी पत्र लिहून कळवलं. तिने उलट टपाली विचारलं, मग ते स्वतःच का लावत नाहीत?

हे मात्र मला सुचलं नव्हतं. मी दाजींच्या मागच्या दारी गेलो तेव्हा उत्तर मिळालं. तिथे माडाच्या चुडतांच्या सावलीत करवंट्यांच्या रांगाच रांगा होत्या. करवंटीला खाली भोक, आत पुळणीची रेती आणि शेणखत, आणि प्रत्येकीत मोरपंखीची वीतभर फांदी, कात्रीने तिरकी, अगदी सफाईने कापलेली. साठ-सत्तर तरी असतील. सगळ्या हिरव्यागार. मी म्हटलं, दाजी, एवढ्या जगल्यात की.

दाजींनी एक फांदी चिमटीत धरून वर उचलली. ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. खाली मूळ नव्हतंच. दुसरी उचलली, तीही तशीच.

“चार म्हयने हिरवी रवता,” ते म्हणाले. “मेल्याचा तिका कळणाच नाय.”

ते त्या फांद्या पुन्हा रेतीत खोचून ठेवत होते. मी म्हटलं, मेलेल्या आहेत तर टाकून का नाही देत? त्यांनी पुढची फांदी रेतीत खोचली. मालकाला स्वतःच्या घरी चोरी करता येत नाही, आणि म्हणून त्यांच्या हातची एकही फांदी धरत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. मी हसलो नाही, पण हसू दाबलं एवढं खरं. आज त्याची लाज वाटते.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी त्यांनी आपणहून मला हाक मारली. वारा सांगितला नाही. फाटकापाशी नेऊन त्यांनी मोरपंखीची गच्च पालवी दोन्ही हातांनी पडदा सारावा तशी बाजूला केली.

“भायरसून हिरवी,” ते म्हणाले. “आतसून बगा.”

आत सगळं तपकिरी होतं. काड्या वाळून कोळ झालेल्या. खोडाला एका बाजूने भेग गेली होती आणि तिच्यातून डिंकासारखं काही ओघळून सुकलं होतं. दोन पावसाळे काढील, दाजी म्हणाले, फार तर तीन. मग पडवीत बसवून त्यांनी मला पितळीत काळा चहा दिला आणि ती मोरपंखी कुठून आली ते सांगितलं.

दाजींची बायको शेवंता. लग्न झाल्यावर दीड महिन्यात दाजी बोटीवर गेले ते दहा महिन्यांनी आले. ती घरी एकटी. दाजींचं पहिलं पत्र आलं ते वाचून घ्यायला ती चालत मालवणात एका वकिलांच्या बंगल्यावर गेली. पायरीवर बसून राहिली. फाटकाशी मोरपंखी होती. पत्र वाचून झालं, परत निघाली, आणि जाता जाता तिने फांदीला हात घातला आणि ओरबाडली. अंबाड्यावर आबोलीची वेणी होती, तिच्याखाली खोचली. वर बघते तर वकिलीणबाई खिडकीत उभ्या.

“तेणी काय केल्यानी म्हायती आसा?” दाजी म्हणाले. “पाठ फिरवल्यानी. काय एक बोलाक नाय. थयच फांदीचा बरा झाला.”

फांदी धरली. पुढे बावीस वर्षांच्या संसारात दाजी घरी राहिले ते सगळे मिळून पाच वर्षंही नसतील. मूल झालं नाही. शेवंता गावातल्या कुणाकडून तरी पत्र लिहवून घ्यायची आणि लिहवून घेताना माणसाला परक्यासमोर बोलायची लाज वाटते, तेव्हा ती झाडाबद्दल बोलायची. मोरपंखी बरी आहे. मोरपंखी माझ्या गुडघ्याला लागली. आता कंबरेला लागली. बोटीवर पत्रं मोठ्याने वाचायची पद्धत होती. खलाशी समजले, सुकाण्याला मुलगी आहे आणि तिचं नाव मोरपंखी. दाजींनी एकदा खरं सांगायचा प्रयत्न केला, पण तोवर उशीर झाला होता. एका परक्या बंदरात सगळ्यांनी वर्गणी काढून मोरपंखीच्या केसांसाठी लाल रेशमी फीत घेतली आणि दाजींच्या हातात दिली. इतक्या आनंदी लोकांना काय सांगणार?

मी मोठ्याने हसलो. दाजीही हसले. मग मी विचारलं, फितीचं काय केलंत?

“घरी हाडलंय. तिका सांगलंय. ती पोट धरून हसली. मगे भायर गेली आनी मोरपंखीक बांधल्यान. दुसऱ्या दिसा सोडून पेटयेत ठेवल्यान. परत कदी काडूक नाय.”

शेवंता वारली तेव्हाही दाजी बोटीवरच होते. पोचले ते महिन्याने. फाटकात मोरपंखी उभी होती, हिरवी. त्यानंतर ते बोटीवर गेले नाहीत.

त्या संध्याकाळपासून मला त्या पाटीचं हसू येईनासं झालं. झाड मरायच्या आत त्याची एक तरी फांदी कुठेतरी धरायला हवी होती, आणि ती कुणीतरी चोरायला हवी होती, आणि हे दाजींना तोंडाने मागता येत नव्हतं. एवढंच त्यांचं मागणं होतं आणि तेवढंच करायला वाडीत कुणी नव्हतं.

योगायोगाने त्याच आठवड्यात शेतकी खात्यातले एक गृहस्थ आंब्याची कलमं बघायला आले होते आणि आगबोटीची वाट बघत आमच्या कचेरीत बसले होते. मी त्यांच्यापुढे हा प्रश्न ठेवला, अर्थात माणसांची नावं न घेता. ते हसून म्हणाले, चोरलेली फांदी जगते यात जादू काही नाही. चोराकडे कात्री नसते. घाईत तो हिसडा मारतो, मग फांदीबरोबर जुन्या लाकडाचं एक सालपट निघून येतं. आम्ही त्याला टाच म्हणतो. अशा झाडांना मुळं त्या टाचेतून फुटतात. मालक कात्रीने छान कापून देतो, टाच झाडावरच राहते, फांदी मरते. श्रावणात पावसाला जरा उघडीप मिळाली की टाचेसकट ओढून काढा आणि रेतीत लावा. संपलं.

मी चार मैल धावलो असतो, दाजींचं घर मैलावर होतं म्हणून एकच धावलो. धापा टाकत मी त्यांना टाचेचं शास्त्र सांगितलं. आता चोराची गरज नाही दाजी, तुम्हीच ओढा, इथेच, माझ्यासमोर. दाजींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. ते झाडापाशी आले. हाताजवळची एक फांदी त्यांनी मुठीत धरली. तीस वर्षं सुकाणू धरलेला हात, दोर धरलेला हात. मी वाट बघत उभा राहिलो. दाजीही उभे राहिले. मग त्यांनी मूठ सोडली आणि चुरगळलेली पालवी बोटांनी सारखी केली.

“माका ती ओरबाडूक जमूची नाय,” ते म्हणाले. “कात्रेन कापतंय तीच खूप झाली.”

मी साताऱ्याचा, बोलून जातो. म्हटलं, अहो दाजी, झाड आहे ते.

“व्हय तर,” दाजी म्हणाले आणि आत गेले.

श्रावणातल्या त्या दुपारची हकिगत मी आजवर एकाही वरिष्ठाला सांगितलेली नाही. ऊन पडलं होतं. अडीच वाजले होते. मी खाकी सदरा काढून ठेवला, कारण त्यावर सरकारी बटणं होती. पाणंदीत दोन्हीकडे पाहिलं आणि गडग्यावरून आत वाकलो. पडवीत खुर्ची होती. दाजींची पाठ माझ्याकडे होती आणि ते घोरत होते. घोरण्याचा आवाज मी घरून ऐकत आलो होतो, आज तो जरा जास्तच शिस्तीत येत होता. मी एक बाजूची फांदी धरली आणि ओढली. ती लवली, पण निघाली नाही. घोरणं थांबलं. मी दगडासारखा झालो. मग घोरणं पुन्हा सुरू झालं, आधीच्या दुप्पट मोठ्याने, आणि त्या आवाजाच्या आडोशाने मी खाली हिसडा मारला. चर्रकन आवाज झाला. फांदी हातात आली, खाली दोन बोटं लांब पिवळसर सालपट. टाच. मी ती बंडीखाली पोटाशी धरली आणि घरात पळालो. पळताना पायातली वहाण पाणंदीत राहिली.

चार वाजता वाडीत हलकल्लोळ झाला. दाजी घरोघर जाऊन चोरी झाल्याचं सांगत होते. एवढे खुशीत ते कधी दिसले नव्हते, असं आक्का म्हणाल्या. मग ते माझ्याकडे आले, रीतसर फिर्याद द्यायला. हातात माझी वहाण होती. ती त्यांनी माझ्या दारात दुसरीशेजारी नीट जुळवून ठेवली आणि तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

“कारकूनसाहेब, माझी फांदी चोरीक गेली. टाचेसकट.”

मी जमेल तेवढा गंभीर चेहरा करून विचारलं, कुणावर संशय?

“कोणावर नाय,” दाजी म्हणाले. “आनी चोर सापडाक नको. गावलो तर ती धरूची नाय.”

दुसऱ्या दिवशी पाटी काढलेली होती.

मी फांदी रॉकेलच्या डब्यात रेती भरून मागच्या दारी लावली होती. त्यानंतरचे महिने मोठे अवघड गेले. मालकाने विचारायचं नाही आणि चोराने सांगायचं नाही. दाजी रोज संध्याकाळी गडग्याशी यायचे, वारा सांगायचे आणि मग आडून आडून सुरू करायचे. साताऱ्याहून पत्र आलं का? घरची मंडळी बरी आहेत ना? मुलगा दूध पितो ना? शेवटी माझ्याकडे न बघता, “सगळा धरून आसा मां?”

मी म्हणायचो, “हिरवं आहे, दाजी.” त्यापुढे मलाही काही ठाऊक नव्हतं. हिरवं असण्याचा काही भरवसा नसतो, हे मी त्यांच्या करवंट्यांत पाहिलं होतं. हात कितीदा तरी शिवशिवला, पण मी फांदी उचलून बघितली नाही. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका सकाळी शेंड्याला पोपटी रंगाची, नखाएवढी नवी पालवी दिसली. मी बायकोला पत्र लिहिलं, त्यात मुलाची चौकशी करायची राहिली आणि झाड धरलं एवढंच मोठ्या अक्षरांत लिहिलं. पत्र पेटीत टाकल्यावर मला शेवंताबाईंची पत्रं आठवली आणि मी घाईघाईने दुसरं पत्र लिहायला बसलो.

संध्याकाळी दाजींनी विचारलं, “सगळा धरून आसा मां?”

“धरलंय, दाजी,” मी म्हणालो.

दाजींनी टोपी काढली. पहिल्यांदाच मी त्यांचं डोकं पाहिलं, पांढरं, विरळ केसांचं. त्यांनी टोपीने तोंड पुसलं, पुन्हा घातली, आणि म्हणाले की वारा फिरणार बहुतेक.

दाजींचा अंदाज चुकला नाही. मोरपंखीने दोनच पावसाळे काढले. दुसरा पावसाळा फार कोसळला, फाटकाशी पाणी साचलं, आणि दिवाळीपर्यंत ती शेंड्यापासून तांबूस होत खाली आली. आक्कांनी सुचवलं की तोडून तिथे एक माड लावा. दाजींनी तोडली नाही. दुपारी दोन वाजता खुर्ची मात्र आणेनासे झाले. खुर्चीचं काय काम, चोरण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. मागच्या दारच्या करवंट्याही त्यांनी रित्या करून रचून ठेवल्या. संध्याकाळी गडग्याशी यायचे, वारा सांगायचे, पण ते सांगणं माझ्यासाठी नसावं. मी समोर नसलो तरी ते सांगत, असं आक्का म्हणायच्या.

त्याच हिवाळ्यात गोवा मोकळा झाला आणि आमच्या कचेरीचं काम एकाएकी आटलं. माझी बदली घाटावर झाली. निघायला आठ दिवस होते. माझ्या डब्यातली मोरपंखी गुडघ्याच्या वर आली होती. मी डबा उचलून दाजींना देऊ लागलो असतो तर त्यांनी घेतला नसता, हे मला आता शिकवायला नको होतं. एक फांदी कापून दिली असती तर ती मेली असती. मी आक्कांकडून फळकूट मागून घेतलं आणि बंदरावरून डांबर आणलं.

डबा मी पाणंदीच्या बाजूला, पायरीवर ठेवला. त्यावर पाटी लावली. ‘या झाडाची फांदी तोडू नये. मालक दुपारी दोन ते चार झोपलेला असतो.’ आक्कांनी पाटी वाचून घेतली आणि माझ्याकडे पाहून काही न बोलता आत गेल्या. एरवी त्या गप्प राहणाऱ्या नव्हेत.

पाच दुपारी कुणी आलं नाही. मी खिडकीशी पाठ करून, बाकावर आडवा होऊन, घोरायचं काम इमानेइतबारे करत होतो. त्यात एकदा खरीच झोप लागली, तेव्हा दचकून उठून पाहिलं, फांद्या सगळ्या जागेवर. सहाव्या दुपारी पाणंदीत पावलं वाजली. फाकलेल्या पायांची, थांबत थांबत येणारी. माझ्या पायरीशी थांबली.

मी घोरत राहिलो. बाहेर काहीच होत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. दाजींचा हात त्या फांदीवर होता हे मला पाठीला डोळे असल्यासारखं दिसत होतं, आणि तो हात पूर्वी एकदा रिकामा परत गेलेला मी पाहिला होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, ओढा दाजी, आता तरी ओढा. घोरणं मी आणखी वाढवलं. घसा दुखायला लागला.

चर्रकन आवाज झाला.

मी हललो नाही. पावलं लगेच निघून जातील अशी माझी अपेक्षा होती. ती गेली नाहीत. पायरीशी काहीतरी खुडबुड चालली होती. मग पावलं हळूहळू दूर गेली, आणि पलीकडे आक्कांचा आवाज आला की दाजीनू, आज टोपी उंच कशी दिसते. दाजी म्हणाले, “काय नाय गो, वारो आसा.”

दाजींची ती फांदी धरली की नाही, हे मला कधीच कळलं नाही. पुढे आक्कांची दोन पत्रं आली, त्यात सगळ्या वाडीची खबर होती, पण मी झाडाचं विचारलं नाही आणि त्यांनी लिहिलं नाही. चोरीला गेलेल्या फांदीची मालकाने चौकशी करायची नसते.

त्या दुपारी चार वाजेपर्यंत मी तसाच पडून राहिलो. नियम तो नियम. मग उठून पायरीवर गेलो. डब्यातल्या झाडाची एक बाजू रिकामी झाली होती आणि जिथून फांदी ओढली होती तिथे लाकूड उघडं पडलेलं असायला हवं होतं. पण ते दिसत नव्हतं. त्या जागेवर लाल रेशमी फीत बांधलेली होती, जखम बांधावी तशी, तीन वेढे घालून. घड्यांवर तिचा रंग विटला होता. गाठ बोटीवरच्या माणसाची होती, ओढली तरी सुटणारी नव्हती. मी ती ओढून बघितली नाही.